रेटिनाचा डिजिटल फोटो: डोळे तपासायला गेल्यावर सगळ्यांना पडणारे प्रश्न

मशीनसमोर बसून लोकांच्या डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो काढणं हे माझं रोजचं काम आहे. खुर्चीत बसलेली माणसं जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत, त्यांच्याच भाषेत. काही उत्तरं लांबली आहेत कारण तिथे घाईघाईत सांगून भागत नाही. आणि हे सगळं माहितीसाठी आहे, तुमच्या डोळ्याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

मी फक्त नंबर चेक करायला आलोय, पडद्याचा फोटो कशाला?

नंबर काढताना एवढंच कळतं की समोरची अक्षरं तुम्हाला वाचता येतायत की नाही. पडदा कसा आहे ते त्यातून कळत नाही, आणि पडद्याचे बरेचसे आजार सुरुवातीला नजर अजिबात कमी करत नाहीत. शेवटची ओळ धडाधड वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर सुद्धा रक्ताचे बारीक ठिपके असू शकतात. पडद्याला दुखणं जाणवणाऱ्या नसाच नसतात, त्यामुळे आत काही बिघडलं तरी दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आरशात काही दिसत नाही. म्हणून आत बघावंच लागतं.

फोटोत नक्की काय दिसतं?

स्क्रीनवर एक नारिंगी-लालसर गोल दिसतो. त्यात एका बाजूला पिवळट रंगाची चकती असते, ती म्हणजे ऑप्टिक नर्व्हचं तोंड, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस इथून सुरू होते. ही चकती प्रत्यक्षात साधारण दीड मिलिमीटरची असते, स्क्रीनवर मोठी दिसते इतकंच. उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडे असते आणि डाव्याच्या डावीकडे, म्हणजे कायम नाकाच्या बाजूला. तिच्यातूनच रक्तवाहिन्या बाहेर येऊन वर-खाली कमानीसारख्या पसरतात, शिरा जरा जाड आणि गडद, धमन्या बारीक आणि फिक्या. आणि त्या दोन कमानींच्या मध्ये जो थोडा गडद भाग दिसतो तो मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं.

शरीर कुठेही न कापता रक्तवाहिन्या आणि मेंदूची नस इतक्या स्पष्ट, थेट बघायला मिळाव्यात अशी दुसरी जागा नाही. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने आत बघायचं उपकरण जगासमोर आणलं, पुढे १९२६ मध्ये झाइस कंपनीचा पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा बाजारात आला, आणि आता तोच फोटो काही सेकंदांत स्क्रीनवर येतो. मला अजूनही प्रत्येक नवीन डोळा उघडून बघताना याचं अप्रूप वाटतं.

फोटो काढतात कसा? काय करावं लागतं मला?

चष्मा काढायचा, हनुवटी खालच्या पट्टीवर ठेवायची, कपाळ वरच्या पट्टीला नीट टेकवायचं. बहुतेकांचं कपाळ मध्येच सुटतं आणि तिथेच फोटो बिघडतो, त्यामुळे मी सारखं "कपाळ टेकवा, कपाळ टेकवा" म्हणत असते त्याचा राग मानू नका. आत एक छोटा दिवा दिसेल, बऱ्याच मशीनमध्ये तो हिरवा असतो, त्याच्याकडे बघत राहायचं. मी फोकस करत असते तेव्हा तुम्हाला अंधारच वाटतो कारण फोकससाठी इन्फ्रारेड उजेड वापरतात, तो डोळ्याला दिसत नाही आणि त्याने बाहुली लहानही होत नाही. मग मी सांगते एकदा पापण्या मिटा, आता मोठे डोळे करा, आणि लगेच फ्लॅश पडतो. झालं.

फ्लॅशमुळे बाहुली एकदम आक्रसते, म्हणून दुसऱ्या डोळ्याच्या आधी थोडं थांबवतात, उगाच वेळ काढतायत असं नसतं. डोळ्यासमोर थोडा वेळ रंगीत डाग तरंगतो, कुणाला गुलाबी कुणाला निळसर, तो आपोआप जातो.

दुखतं का? रेडिएशन असतं का?

दोन्हीचं उत्तर नाही. एक्स-रे वगैरे काही नसतं, फक्त उजेड असतो. कॅमेरा डोळ्याला टेकतही नाही. फ्लॅशने फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र आधीच सांगा.

ड्रॉप्स घालावेच लागतात का?

दरवेळी नाही. बरेच कॅमेरे ड्रॉप्सशिवाय चालतात, खोलीत अंधार केला की बाहुली आपोआप मोठी होते आणि तेवढ्यात काम होतं. पण वय वाढलं की बाहुली लहान होत जाते, शुगर जुनी असेल तर अंधारातही ती नीट उघडत नाही, मोतीबिंदू असेल तर उजेड आतच जात नाही, अशा वेळी ड्रॉप्स घालून डोळा डायलेट करावा लागतो, म्हणजे बाहुली मोठी करावी लागते. किलकिल्या दारातून खोली बघणं आणि सताड उघड्या दारातून बघणं यात जेवढा फरक तेवढा फरक पडतो.

ड्रॉप्स थोडे चुरचुरतात, वीस मिनिटं ते अर्धा तास बसावं लागतं, नंतर जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यावर येतो. साधारण चार ते सहा तास हा परिणाम राहतो, काहींना जास्त. त्यामुळे त्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा आणि गॉगल असेल तर तो ठेवा. लहान मुलांना नंबर काढण्यासाठी वेगळे, जास्त वेळ टिकणारे ड्रॉप्स घालतात, त्यांचं गणित वेगळं.

एक गोष्ट क्वचित होते पण माहीत असलेली बरी. काही लोकांच्या डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा होण्याचा कोन जन्मतःच अरुंद असतो, अशांना ड्रॉप्सनंतर डोळ्याचं प्रेशर अचानक चढू शकतं. डोळा जोरात दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, मळमळलं, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

फोटो काढला म्हणजे डॉक्टरांनी आतून तपासायची गरज नाही ना?

आहे, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त घाबरवतो.

नेहमीचा फंडस कॅमेरा, म्हणजे पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा, एका फोटोत साधारण ४५ डिग्रीचा भाग पकडतो, म्हणजे मॅक्युला, नस आणि आजूबाजूचं थोडं. महत्त्वाचा भाग आहे तो, त्यात वाद नाही, पण पडदा त्याच्या पलीकडे चहूबाजूंनी पुढपर्यंत गेलेला असतो आणि पडद्याला भोक पडणं, फाटणं, पातळ होणं हे बहुतेक वेळा त्या कडेच्या भागातच होतं. ज्यांना मोठा मायनस नंबर आहे त्यांना तर हे जास्तच लागू. अशा कडा बघायला डॉक्टर ड्रॉप्स घालून, डोक्यावर दिवा लावून, हातात भिंग धरून, तुम्हाला वर बघा खाली बघा उजवीकडे बघा करत तपासतात, गरज वाटली तर बाहेरून डोळा हलकेच दाबूनही बघतात. डोळा फिरवत, कुठला भाग किती खोल आहे ते बघत, शंका आली की पुन्हा त्याच जागी येत केलेली ती तपासणी असते. फोटो सपाट असतो, एका क्षणाचा असतो. "फोटो नॉर्मल" याचा अर्थ एवढाच की जेवढं फोटोत आलं तेवढ्यात काही सापडलं नाही.

उलट बाजूही सांगते. डॉक्टरांनी कितीही बारकाईने बघितलं तरी त्यांना जे दिसलं ते कागदावर शब्दात किंवा चित्रात उतरतं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना त्या शब्दांवरून नेमकं काय होतं ते कळत नाही. फोटो तसाच्या तसा राहतो. त्यामुळे हे किंवा ते असा प्रश्नच नको, दोन्ही लागतं.

मग ते वाइड फील्डवालं मशीन? त्यात सगळं येतं म्हणतात.

खूप येतं, सगळं नाही. त्यात लेसरने स्कॅन करून साधारण २०० डिग्रीपर्यंतचा भाग एका फोटोत येतो, मशीन बनवणारी कंपनी पडद्याचा सुमारे ८२ टक्के भाग म्हणते. हे मशीन आलं त्यामागे एका बापाची तळमळ आहे. स्कॉटलंडमधल्या डग्लस अँडरसन यांच्या मुलाचा पडदा सुटला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून वेगळा झाला, तो वेळेत लक्षात आला नाही आणि पाच वर्षांच्या त्या पोराची एका डोळ्याची नजर गेली. लहान मूल नेहमीच्या तपासणीला शांत बसत नाही, म्हणून पटकन आणि मोठा भाग दाखवणारं काहीतरी हवं या ध्यासातून त्यांनी १९९२ मध्ये ऑप्टॉस कंपनी काढली.

या फोटोचा रंग हिरवट दिसला तर घाबरू नका, अशा बऱ्याच मशीनमध्ये लाल आणि हिरवा असे दोन लेसर वापरून रंग तयार केलेला असतो. वर-खाली पापण्यांचे केस फोटोत येतात आणि नेमका तेवढा भाग झाकला जातो. मोठा मायनस नंबर, घरात कुणाचा पडदा सुटलेला, डोळ्याला मार लागलेला, यातलं काही असेल तर वाइड फील्ड फोटोनंतरही ड्रॉप्स घालून तपासणी करून घ्या.

शुगर आहे पण मला एकदम क्लिअर दिसतं. तरी दरवर्षी फोटो?

हो, आणि क्लिअर दिसतंय तेव्हाच. शुगरमुळे पडद्यावरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना फुगे येतात, फोटोत ते टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. ही पहिली पायरी, तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. मग रक्ताचे डाग, पिवळे चकाकणारे कण, कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग. त्याही पुढे पडद्याला रक्त पुरत नाही म्हणून नवीन रक्तवाहिन्या फुटतात, त्या नाजूक असतात, फुटल्या की डोळ्यात रक्त भरतं आणि माणूस त्या दिवशी धावत येतो, आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं म्हणत. लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, उपचार चांगले आहेत, पण त्यांनी उरलेली नजर वाचवता येते, गेलेली परत मिळेलच असं नसतं.

टाइप २ असेल तर शुगर निघाली की लगेच तपासा, कारण ती कधीपासून होती कुणालाच माहीत नसतं. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर साधारण वर्षातून एकदा, काही सापडलं तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीच्या महिन्यांतच पडदा बघायचा, गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

याचा उपयोग होतो का, तर इंग्लंडमध्ये २००३ पासून शुगरच्या पेशंटचे पडद्याचे फोटो काढायची देशभर योजना सुरू झाली आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण आता शुगर राहिलेलं नाही, निदान पाच दशकांत पहिल्यांदाच. शुगरचे उपचार सुधारले त्याचाही त्यात वाटा असणार, पण वेळेवर काढलेल्या फोटोंचाही आहे.

बीपीचं काही कळतं का?

कळतं. जुन्या बीपीने धमन्या बारीक आणि कडक होतात, आणि जिथे धमनी शिरेला ओलांडते तिथे शीर दबलेली दिसते. कधीकधी आम्ही फोटो बघून विचारतो की बीपी कधी मोजलं होतं शेवटचं, आणि समोरचा म्हणतो मला बीपी नाहीये. तेव्हा मोजून घ्यायचं. नसेचं तोंड दोन्ही डोळ्यांत सुजलेलं दिसलं तर डोक्यातलं प्रेशर वाढलेलं असू शकतं, अशांना त्याच दिवशी पुढे पाठवतात.

काचबिंदू फोटोत सापडतो का?

संशय सापडतो. त्या पिवळट चकतीच्या मध्ये एक खळगा असतो, काचबिंदूत नसेचे धागे मरत जातात आणि खळगा मोठा होतो. रिपोर्टवर सीडी रेशो ०.३, ०.५ असं लिहितात ते खळगा चकतीच्या किती भागात आहे त्याचं माप. पण काहींची चकतीच मुळात मोठी असते आणि खळगाही जन्मापासून मोठा असतो, त्यांना आजार नसतो. त्यामुळे ०.६ वाचून रात्रभर जागू नका, डोळ्याचं प्रेशर, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते), नसेचं स्कॅन हे सगळं जुळवून डॉक्टर ठरवतात. आणि उलटही, प्रेशर नॉर्मल असून काचबिंदू असलेली माणसं असतात, त्यांचा पत्ता अनेकदा नसेचा फोटो बघूनच लागतो.

जुने फोटो ठेवून काय करायचं? दरवेळी नवीन निघतोच की.

माझ्या मते फोटोचा सगळ्यात मोठा उपयोग जुन्याशी ताडून बघण्यातच आहे. समजा पडद्यावर एक राखाडी डाग दिसला, अंगावर तीळ असतो तसा आतही असतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण क्वचित तो वाढतो आणि कॅन्सर निघू शकतो. आज पहिल्यांदा दिसला तर सांगता येत नाही तो वीस वर्षांचा आहे की वीस दिवसांचा. पाच वर्षांपूर्वीचा फोटो असेल आणि डाग तेवढाच असेल तर डॉक्टर निर्धास्त होतात, तुम्हीही होता. नसलेला डाग आता आला असेल तर लगेच पुढची पावलं उचलतात. ०.६ चा खळगा दहा वर्षं ०.६ च असेल तर एक गोष्ट, आणि ०.४ चा ०.६ झाला असेल तर अगदी वेगळी गोष्ट.

म्हणून तब्येत ठणठणीत असताना काढलेला, काहीही न सापडलेला, कंटाळवाणा दिसणारा फोटो वाया गेला असं समजू नका. पुढच्या प्रत्येक फोटोचं मोजमाप त्याच्यावरून होतं.

मग कॉपी कशी मागायची?

सरळ मागायची, फोटो तुमच्या डोळ्याचा आहे. प्रिंट घेण्यापेक्षा मूळ डिजिटल फाइल मागा, प्रिंटमध्ये बारीक ठिपके मरतात. आणि कृपा करून स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो ठेवू नका, त्यावर आमच्या ट्यूबलाइटची रेघ येते आणि नेमका मॅक्युला झाकला जातो. फाइलच्या नावात तारीख आणि उजवा-डावा लिहा. डॉक्टर बदलले, गाव बदललं तर ती फाइल सोबत न्या.

ओसीटी म्हणजे हेच का?

नाही. फोटो वरून बघितलेला पडदा दाखवतो, ओसीटी पडद्याचा उभा छेद दाखवतं, थर न् थर. पडदा एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ, तरी त्यात सूज किती, पाणी कुठे साठलंय हे ओसीटीत मोजता येतं. मॅक्युलाला सूज आहे का हे सपाट फोटोत पक्कं सांगता येत नाही, म्हणून शंका आली की ओसीटी सांगतात.

आणि ते हातात इंजेक्शन देऊन काढतात ते?

ती अँजिओग्राफी. शिरेतून पिवळा रंग सोडून रक्तवाहिन्या कुठे गळतायत ते बघतात. रुटीन तपासणीत लागत नाही. झाल्यावर कातडी काही तास पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी होते, थोडं मळमळू शकतं.

आता एआय फोटो बघून सांगतं म्हणे, मग डॉक्टर कशाला?

एआय खरंच चांगलं काम करतंय. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये आयडीएक्स-डीआर नावाच्या प्रणालीला मंजुरी मिळाली, डॉक्टरने फोटो न बघताही ती सांगते की शुगरचा परिणाम पडद्यावर ठराविक पातळीच्या वर आहे का. जिथे पडद्याचे डॉक्टर दूर आहेत तिथे याने किती डोळे वाचतील विचार करा. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की नुसत्या पडद्याच्या फोटोवरून कॉम्प्युटर माणसाचं वय, तो पुरुष की बाई, सिगारेट ओढतो का याचा अंदाज बांधू शकतो, फोटो बघून पुरुष की बाई हे डॉक्टरांना सुद्धा सांगता येत नाही.

पण ज्या आजारासाठी त्याला तयार केलंय तेवढंच ते शोधतं. शुगर शोधणाऱ्या प्रणालीने "निगेटिव्ह" दिलं म्हणजे काचबिंदू नाही, डाग नाही, पडदा फाटलेला नाही असं कुणीही म्हटलेलं नसतं. रिपोर्ट हातात आला की नेमकं काय तपासलं ते विचारा.

फोटो क्लिअर आला नाही असं लिहिलंय, म्हणजे नॉर्मल समजायचं?

अजिबात नाही, म्हणजे तपासणी झालीच नाही असं समजायचं. मोतीबिंदू, लहान बाहुली, डोळ्यात कोरडेपणा, पापणी मध्ये येणं, कारणं खूप असतात. कोरड्या डोळ्याला दोनचार वेळा उघडझाप केली की फोटो सुधारतो, नाहीतर ड्रॉप्स घालून पुन्हा काढतात. तरीही नाही आला तर डॉक्टरांनी स्वतः बघायला हवं.

काँटॅक्ट लेन्स, काजळ, मस्करा?

साध्या लेन्स बहुतेक वेळा चालतात, रंगीत काढाव्या लागतात, ड्रॉप्स घालायचे असतील तर सगळ्याच. मस्करा नको, काजळही शक्यतो नको.

मुलांचा काढता येतो?

हनुवटी टेकवून क्षणभर स्थिर बसणारं मूल असेल तर आरामात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी, त्यांचा पडदा जन्मानंतर काही आठवड्यांतच तज्ज्ञांनी बघावा लागतो, त्याची तारीख चुकवू नका. आणि मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाची बाहुली लाल किंवा काळी दिसण्याऐवजी सारखी पांढरी दिसत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, कधीकधी तो पडद्याचा कॅन्सर असतो आणि लवकर सापडला तर बाळ वाचतं.

डोळ्यासमोर अचानक चमका आणि काळे ठिपके यायला लागलेत, पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे, तेव्हा फोटो काढू का?

आज जा. एक-दोन ठिपके वर्षानुवर्षं तरंगतात ते वेगळं, पण एकदम खूप ठिपके, विजेसारख्या चमका, किंवा एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं दिसणं हे पडदा फाटल्याचं किंवा सुटत असल्याचं लक्षण असू शकतं. फाटलेल्या जागी वेळेत लेसर केलं तर सुटणं बहुतेक वेळा टळतं, मॅक्युला सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बरीचशी राहते. फोन करून लक्षणं जशीच्या तशी सांगा, "रुटीन चेकअप" म्हणू नका, आणि ड्रॉप्स घालतील हे धरून कुणाला तरी सोबत घेऊन निघा.